आतली खोली

ताईंनी ती खोली ज्या काळजीने निवडली, त्या काळजीने लोक जावईसुद्धा निवडत नाहीत.

जहाजाचा नकाशा मुलाने मोबाइलवर पाठवला. तेव्हा त्यांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि पेन्सिल घेऊन बसल्या. आधी दोन्ही टोकांच्या खोल्या खोडल्या. सी-सॉच्या टोकाला बसणारा वरखाली आपटतो, मधोमध बसणारा जागेवरच राहतो, जहाजाचंही तेच. मग लिफ्टजवळच्या खोडल्या, मग जिन्याला लागून असलेल्या, मग नाचघराच्या वरच्या आणि पोहण्याच्या तलावाखालच्या. रक्तपेढीत आयुष्य गेलेलं माणूस. नको ते एकेक करून बाजूला काढायचं, उरेल ते उत्तर, ही सवय हाडीमासी खिळलेली. शेवटी उरली ती तिसऱ्या मजल्यावरची, अगदी मधली एक खोली. वर खोल्या, खाली खोल्या, डावीउजवीकडे खोल्या. समुद्राच्या बाजूला नाही, म्हणून खिडकीही नाही. जाहिरातीच्या पुस्तकात असल्या खोलीचा फोटो सगळ्यात शेवटी होता, टपाल तिकिटाएवढा.

"आई, याला खिडकी नाहीये गं," मुलगा फोनवर म्हणाला. "दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही."

"असू दे. मला काय, कुठेही चालतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की ते खोटं आहे हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. त्यांना कुठेही चालत नव्हतं. त्यांना हीच खोली हवी होती, एकटीला, आणि त्या सगळ्या सहलीत दुसरं काही नको होतं. समुद्र, बंदरं, गाणीबजावणी, सगळं पोरांनी बघावं. ताईंना झोपायचं होतं.

नीट झोपल्याला किती वर्षं झाली, हे त्यांना सांगता आलं नसतं. नोकरीत त्यांनी रात्रपाळी स्वतः मागून घेतली, कारण दिवसा घरात लहान मूल होतं. कामावर त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे घुबडताई. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यात चूकही काही नव्हतं. नवरा लवकर गेला. निवृत्त झाल्या त्याच सुमाराला सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या उशाशी एक पितळी घंटी असे. घंटी वाजायच्या आधी, हात तिच्याकडे सरकताना पांघरुणाची जी बारीक सळसळ व्हायची, तिनेच ताई उठून बसत. कान असा तयार झालेला, की पुढे घंटीची गरजच उरली नाही.

मग सासूबाईही गेल्या. मुलगा म्हणाला, "आई, आता तू मोकळी. आमच्याकडेच ये." ताई गेल्या. तिथे दुसरं बाळ झालेलं, सून नुकतीच पुन्हा कामावर रुजू झालेली. बाळाचा पाळणा ताईंच्या खोलीत आला. आगीतून फुफाट्यात म्हणवत नव्हतं, कारण बाळ गोड होतं. पण गोड बाळसुद्धा रात्री रडतंच. ते रडलं की ताई उठत आणि पलीकडच्या खोलीतून सूनही उठे. दोघी स्वयंपाकघरात दूध कोमट होईपर्यंत शेजारी शेजारी उभ्या राहत, भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता. मुलगा झोपेचा पक्का. ढोल वाजवले तरी कूस बदलणार नाही. सकाळी उठून तो म्हणे, "काल बाळ शांत झोपलं, नाही?" आणि दोघी एकमेकींकडे न बघता चहा गाळत.

तेव्हा ती आतली खोली म्हणजे ताईंना काय होती, हे कुणी विचारायला नको.

जहाजावर चढायच्या दिवशी काय काय होतं, तेही त्यांनी वाचून पाठ केलं होतं. मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांकडे द्यायच्या; त्या संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या खोलीशी येतात. म्हणून औषधं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. खोल्या दुपारनंतरच उघडतात, तोवर वरच्या जेवणघरात ताटकळायचं. जहाज सुटायच्या आधी भोंगा होतो, मग प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची. एक माणूस जरी कमी असलं तरी जहाज हलत नाही. हे सगळं त्यांनी मुलाला सांगितलं, त्याने "हो हो" म्हटलं.

बॅगेवर खोलीचा नंबर लावायचा असतो. ताईंनी तो छापला, भोवती पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली आणि टोक आत दुमडून पुन्हा एक वेढा दिला. रक्ताच्या पिशवीवरचं लेबल बर्फात टिकतं, पाण्यात टिकतं, कारण ते निघालं तर माणूस जातो. लेबल लावायची दुसरी पद्धत त्यांना येतच नव्हती.

निघायच्या सकाळी मुलगा बॅगांपाशी बसून काहीतरी खुडबुड करत होता.

"काय लावलंयस गं हे आई? नख तुटलं माझं."

"पण तू ते काढतोयस कशाला?"

"काढत नाहीये. सरळ करत होतो."

ताईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. लहानपणी खिशात गोट्या लपवताना तो असाच दिसायचा. पण बाळाचं दूध सांडलं, थोरली नात चिऊ एकाच पायात बूट घालून धावत आली, आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

धक्क्यावर रांग, रांगेनंतर रांग. बॅगा गेल्या, पिशव्या यंत्रातून गेल्या, कॅमेऱ्यापुढे उभं राहून फोटो झाले. फोटोत ताईंचे डोळे अर्धे मिटलेले आले. "पुन्हा काढू का?" असं तिथल्या मुलीने विचारलं, तर म्हणाल्या, "नको, तसेच आहेत ते."

शेवटच्या टेबलावरच्या कारकुनाने पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अभिनंदन! तुमचं अपग्रेड झालंय."

"कुणाचं?" ताईंनी विचारलं.

मुलगा याच क्षणासाठी सकाळपासून श्वास धरून होता. "आपलं! सगळ्यांचं! अगं, बोली लावायची असते. आपल्या दोन्ही खोल्या सोडतो, त्याच्या बदल्यात वरचा स्वीट द्या, एवढे जास्त देतो म्हणायचं. नशिबात असेल तर मिळतो. परवा मेल आला, मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. सगळ्यात वरचा मजला, आई! अगदी पुढचं टोक! दोन खोल्या, मोठी बाल्कनी!"

सगळ्यात वर आणि अगदी पुढे. नकाशावर त्यांनी पहिल्याच फटक्यात खोडलं होतं ते टोक. ताईंना पेन्सिलीची रेघ डोळ्यांपुढे दिसली.

"आणि आई कुठे झोपणार?" सुनेने विचारलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळलं.

"बाहेरच्या खोलीत. सोफा उघडला की चांगला डबल बेड होतो. चिऊ आजीजवळ. बाळाचा पाळणाही तिथे बसतो, मी विचारून घेतलंय."

"मी आजीच्या पोटावर पाय टाकून झोपणार!" चिऊने जाहीर केलं.

"म्हणजे संध्याकाळी आपण दोघं नाटकाला वगैरे गेलो तरी प्रश्न नाही," मुलगा बायकोला म्हणाला.

सून ताईंकडे बघत होती.

"एवढा खर्च कशाला रे केलास," ताई म्हणाल्या. तोंडातून एवढंच निघालं.

"तुझ्यासाठीच केला." त्याचा आवाज एकदम उतरला. "आजीच्या खोलीत तू जमिनीवर गादी टाकून झोपायचीस, ते बघितलंय मी. आता इथे येऊनही तुला त्या कोठडीत टाकू? एकटीला?"

यावर काय बोलणार? दुष्टाशी भांडता येतं, प्रेमाने गळ्यात हार घालणाऱ्याशी कसं भांडायचं? ताईंनी कार्ड घेतलं. त्यावरचा नंबर वाचलासुद्धा नाही.

वरच्या जेवणघरात जत्रा भरली होती. खोल्या अजून उघडायच्या होत्या, त्यामुळे सगळं जहाज ताटल्या घेऊन एकाच मजल्यावर हिंडत होतं. मुलाने खिडकीशी टेबल पकडलं. ताईंनी सूप घेतलं, बाळाला पावाचा तुकडा दिला, चिऊच्या ताटलीतलं कलिंगड सावरलं, आणि मग "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून उठल्या त्या थेट खाली स्वागतकक्षात गेल्या.

तिथेही रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाला वर जायचं होतं. पुढचा जाडगेला माणूस तावातावाने सांगत होता, "समुद्र दिसतो, पण तिरका दिसतो! मी सरळ समुद्राचे पैसे भरलेत!" काउंटरमागची मुलगी हसून मान हलवत होती, मात्र तिने एक पाय बुटातून काढून दुसऱ्या पायावर ठेवला होता, ते ताईंना बाजूने दिसलं. उभ्याने काम करणाऱ्या माणसाचं दुखणं त्यांना ओळखीचं.

ताईंची पाळी आली.

"मला माझी जुनी खोली परत हवी आहे. तिसऱ्या मजल्यावरची."

मुलीने पडदा पाहिला, मग ताईंना पाहिलं. "मॅडम, तुमचं तर अपग्रेड झालंय."

"हो. ते नको."

"स्वीटमध्ये काही अडचण आहे का? स्वच्छता, वास…"

"अजून बघितलाही नाही. छानच असेल. मला झोपायचंय."

मुलीचा हात कळफलकावर थांबला. तिचं रोजचं हसू मावळलं आणि त्याखालचा खरा, दमलेला चेहरा क्षणभर वर आला. "इथे उभं राहून असं कुणी मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकतेय," ती म्हणाली. "पण दोन गोष्टी आहेत. एक, ती खोली आता आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवलीय. दरवाजे बंद झाले आणि कुणी आलं नाही, तरच देता येईल. दुसरं, बुकिंग तुमच्या नावावर नाही."

"मुलाच्या नावावर आहे."

"मग त्यांना इथे येऊन सांगावं लागेल. तुमच्या एकटीच्या सांगण्यावरून नाही बदलता येणार."

म्हणजे गाडी फिरून तिथेच आली. खोली मिळवायची तर मुलाला सांगायचं, आणि मुलाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तू दिलेलं मला नको? तुझी पोरं मला रात्री नकोत? सासूबाईंना एका शब्दाने कधी दुखवलं नाही, रक्तपेढीत साहेबांना कधी पाळी बदलून मागितली नाही. आणि आता, या वयात, कशासाठी तर झोपेसाठी? लोक ऐकतील तर हसतील.

पण सांगायचं ठरवून त्या वर गेल्या. खोल्या उघडल्या होत्या. मुलगा स्वीटच्या दारातच उभा.

"आई, ये ये! डोळे मीट. आता उघड!"

खोली खरंच सुंदर होती. समोर अख्खी भिंतभर काच, काचेपलीकडे ऊन, ऊन पांढऱ्या सोफ्यावर पडून डोळ्यांत घुसत होतं. पडदे पातळ, पाण्याच्या रंगाचे. सोफा आणि पाळणा यांत हातभर अंतर. आणि छतावर धप, धप, धप, धप.

"हे काय?" सुनेने वर बघितलं.

"धावायचा ट्रॅक आहे वर," मुलगा म्हणाला. "उद्यापासून मीही जाणार."

"अरे, ऐक जरा," ताई म्हणाल्या. "मला…"

"आई, आधी हे बघ! बाथरूममध्ये टब! आणि टबातून समुद्र दिसतो!"

चिऊ टबात उतरली होती, बाळाला टबाच्या कडेवरून आत जायचं होतं. ताईंनी बाळाला उचललं. बोललेलं कुणाला ऐकू गेलं नसतंच. दूध उतू जाताना जसं आधी भांडं उतरवतात आणि बाकीचं मग बघतात, तसंच त्यांचं कायम व्हायचं. भांडं उतरवता उतरवता त्यांचं स्वतःचं बोलणं थंड होऊन जायचं.

थोड्या वेळाने बॅगा आल्या. मुलाच्या, सुनेच्या, पोरांच्या. ताईंची आली नाही.

मुलाने कपाळावर हात मारला. "त्यावर जुनाच नंबर राहिला. सकाळी बदलायला गेलो तर तुझी ती पट्टी! सगळ्यांचे बदलले, तुझा काही निघेना. थांब, फोन करून मागवतो."

"मीच आणते," ताई म्हणाल्या. "औषधं आहेत त्यात."

औषधं खांद्यावरच्या पिशवीत होती. त्यांनी स्वतः ठेवली होती. पण हे खोटं मात्र बोलताना त्यांच्या चांगलं लक्षात आलं.

तिसऱ्या मजल्यावर गालिचा जाड होता आणि माणूस कमी. बोळात दोन्ही बाजूंना दारं, आणि खोल्या आवरणारा एक प्रौढ माणूस टॉवेलांची गाडी ढकलत चाललेला. मधोमध एका अर्धवट उघड्या दारापाशी त्यांची बॅग उभी होती. घरच्या माणसाने स्टेशनवर वाट पाहावी तशी. नंबर ठळक, पट्टी शाबूत.

"तुमची का?" गाडीवाल्याने विचारलं. "टॅगवर जो नंबर, तिथे बॅग. आमच्याकडे तेवढंच कळतं."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "तेवढंच कळायला हवं."

तो गाडी घेऊन वळणाआड गेला. ताईंनी दार जरासं ढकललं. नुसती बघावी. पलंग, आरसा, एक खुर्ची, एक दिवा. चादर ताणून घातलेली. फोटोत होती तेवढीच, म्हणजे लहानच. बॅग वाटेत नको म्हणून त्यांनी ती आत ओढली. मग अंधार किती होतो ते पाहावं म्हणून दार लावलं, दिव्याचं बटण दाबलं.

काही दिसेना. हात डोळ्यांपुढे धरला, तोही नाही. आणि त्या काळोखात कुठूनतरी, भिंतीतून किंवा जमिनीखालून, एक एकसुरी घरघर येत होती. खाली न जाणारी, वर न जाणारी. ती ताईंच्या ओळखीची होती. रक्तपेढीतल्या मोठ्या फ्रिजची अशीच घरघर असे. ती चालू आहे तोवर रक्त थंड आहे, सगळं जागच्या जागी आहे, कुणाला काही झालेलं नाही. थांबली, तर धावायचं. इतकी वर्षं त्या घरघरीच्या कुशीत बसून त्या जाग्या राहिल्या होत्या. तिच्या कुशीत कधी झोपता आलं नव्हतं.

पाच मिनिटं बसते, असं म्हणून त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. चपला काढल्या. पाय वर घेतले.

भोंगा झाला, तेव्हा सगळं जहाज दणाणलं. सात छोटे, एक लांब. जिन्यांवर पायांचा पाऊस पडला. मग ध्वनिक्षेपकावरून एक आवाज बोलू लागला. हजेरी पूर्ण झालेली नाही, अमुक नंबरच्या स्वीटमधल्या प्रवाशांनी ताबडतोब आपल्या जागी यावं. पुन्हा तेच, जरा कडक आवाजात. पुन्हा. ज्या बाईला पांघरुणाच्या सळसळीने जाग येत असे, तिच्या कानांवरून हे सगळं खडकावरून पाणी जावं तसं गेलं. तो नंबर तिचा नव्हता. आणि घरघर चालू होती, म्हणजे कुणाला काही झालेलं नव्हतं.

खांद्यावर हात पडला.

"बाळ उठलं?" ताईंनी विचारलं, आणि उठून बसल्या.

"नाही, आई." सून पलंगाच्या कडेवर बसली होती. अंगात नारंगी लाइफ जॅकेट, दारातून येणारा बोळातला उजेड तिच्या पाठीवर. गाडीवाला दाराबाहेर किल्ली घेऊन उभा. "बाळ बरं आहे. जहाज थांबलंय. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"सगळे जॅकेटं घालून उभे आहेत. तुम्ही सोडून."

ताईंना काय झालं ते हळूहळू कळलं आणि कळल्यावर त्यांनी तोंडावर हात घेतला. "तुला कसं कळलं मी इथे आहे?"

सुनेने खोलीभर नजर फिरवली. पलंग, आरसा, अंधार. "मीही इथेच आले असते," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगा धावत आला. बाळ एका हातावर, चिऊ दुसऱ्या हाताला लोंबकळलेली, श्वास लागलेला. "आई! अगं, मी कठड्यावरून खाली पाण्यात बघत होतो! पाण्यात! इथे झोपलीयस होय? कुंभकर्ण परवडला!" ओरडता ओरडता त्याचा आवाज फाटला.

"चुकलं माझं. चला."

ताई उभ्या राहिल्या. चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेलेली. ती ओढून काढताना त्यांच्या मनात आलं, आत्ता बोलले नाही तर ही चप्पल घालून मी वर जाईन, सोफा उघडीन, आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

वाकलेल्याच होत्या, तशाच म्हणाल्या, "मला ही खोली हवी."

"काय?"

"ही. मला वर नको. मला इथे राहायचंय, एकटीला."

मुलगा बघतच राहिला. "आमचं काही चुकलं का? मी एवढं… आई, तुझ्यासाठी केलं गं."

"माहीत आहे. तुझं काही चुकलं नाही. मला झोप हवी आहे."

"मग वर झोप ना! कोण उठवतंय तुला?"

सुनेला हसू फुटलं. तिने आवरायचा प्रयत्न केला, आवरेना. "कोण उठवतंय?" ती नवऱ्याला म्हणाली. "अहो, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग हातावरच्या बाळाकडे पाहिलं. बाळाने त्याच्या जॅकेटचा पट्टा तोंडात घातला होता.

"पण तूच तर म्हणतेस, मला कुठेही चालतं," तो म्हणाला, आता हळू.

"म्हणते खरी," ताई म्हणाल्या. "चालत नाही."

बोळातून गाडीवाला खाकरला. "मंडळी, तेवढी हजेरी…"

हजेरीच्या जागी माणसं भरउन्हात नारंगी रंगाने फुगून उभी होती. ताई दिसताच तिरक्या समुद्राची तक्रार करणारा तो जाडगेला म्हणाला, "आल्या एकदाच्या महाराणी!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईंनी कार्ड पुढे केलं, यंत्राने टिक् केलं, आणि खरोखरच थोड्या वेळाने जहाज थरथरलं आणि धक्का मागे सरकू लागला. वरच्या मजल्यावर बँड वाजत होता. मुलगा बाळाला घेऊन कठड्याशी उभा होता, पण बाहेर बघत नव्हता.

"बरीच वर्षं चालत नव्हतं का?" त्याने विचारलं.

"आता काय त्याचं," ताई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं, हेही तसलंच वाक्य झालं. "हो. बरीच वर्षं," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली. खाली स्वागतकक्षात मात्र तोच पुढे झाला. आयत्या वेळी येणारं कुणी आलं नव्हतं. अपग्रेडचे पैसे परत मिळणार नाहीत, असं काउंटरवरची मुलगी म्हणाली. तो म्हणाला, राहू द्या. तिने नवं कार्ड ताईंच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दाराला अडकवायची पाटी आत खुंटीवर आहे. त्रास देऊ नये, अशी. मी आत्ताच फोन करून सांगते, उद्या सकाळी आवरायलाही कुणी यायचं नाही."

"तुझी पाळी कधी संपते?" ताईंनी विचारलं.

"विचारू नका," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

लिफ्टपाशी मुलगा चिऊला घेऊन वर जायला निघाला. चिऊ रुसली होती, पोटावर पाय टाकायला आता कुणी नव्हतं. "बाबांच्या टाक," ताईंनी सुचवलं. सून मात्र बाळाला कडेवर घेऊन ताईंबरोबर तिसऱ्या मजल्यावर आली, बॅग उघडून द्यायला म्हणून. बॅग उघडायला दोघी कशाला लागतात? पण ताईंनी तिला येऊ दिलं.

दारापाशी सून थांबली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बोळातल्या पिवळ्या दिव्यात अजूनच गडद दिसत होती. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहायची, तशीच ती आता दाराच्या चौकटीला टेकली.

"आई, एक विचारू? दुपारी, तुम्ही वर चहाला वगैरे याल ना, तेव्हा… तासभर मला किल्ली द्याल?"

ताईंच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. तूच झोप गं इथे, मी जाते वर सोफ्यावर, मला काय. जिभेवर आलंसुद्धा. त्यांनी ते गिळलं. औषधाच्या गोळीसारखं, अडकत अडकत.

"दुपारी देईन," त्या म्हणाल्या. "बाळाला मी सांभाळते, तू खुशाल झोप. पण रात्री नाही. रात्री मी दार उघडणार नाही. चालेल?"

"चालेल."

"खरंच चालेल, की मी म्हणते तसं?"

सून थकलेलं हसली. बाळाला तिने या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "आधी दोन दुपारी झोपू द्या, आई. मग खरं काय ते सांगते."

ती गेली. ताईंनी खुंटीवरची पाटी काढून दाराला अडकवली, दार लावलं आणि दिवा घालवला.